मानदुखी कमवावी कशी, टिकवावी कशी

मानदुखी नशिबाने लाभते, हा गैरसमज आधी काढून टाकावा. अपघात, संधिवात यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना ती स्वकष्टाने मिळवावी लागते. त्यासाठी पैसा लागत नाही, सातत्य लागतं.

भांडवल सगळ्यांना सारखंच मिळालेलं आहे. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो आणि ते तोलायला मानेत ७ मणके. डोकं सरळ असलं की हा कारभार बिनबोभाट चालतो, म्हणून ते सरळ ठेवू नये. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणित मांडून दाखवलं, की मान ६० अंश पुढे झुकली की तिच्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो. गव्हाचं अर्धं पोतंच म्हणा ना. एवढं वजन पेलायला लोक जिमची फी भरतात. आपल्याला ते सोफ्यावर बसून, मोबाईल मांडीत ठेवून, कुणाच्या तरी बारशाचे फोटो वर सरकवताना फुकट मिळतं.

घरून काम करणाऱ्यांनी टेबल-खुर्चीच्या मोहात पडू नये. पलंग, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप ही मांडणी उत्तम. दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठणारी माणसं या क्षेत्रात मागे पडतात. रात्री दोन जाड उश्या घ्याव्यात, किंवा सरळ पालथं झोपावं. श्वास घ्यायला मान एका बाजूला वळवावीच लागते आणि ती पहाटेपर्यंत तशीच राहते.

ज्यांना घाई आहे त्यांनी पुण्यातल्या दुचाकीस्वारांचं निरीक्षण करावं. खांदा वर, कान खाली, मधे मोबाईल, हेल्मेट कोपरात अडकवलेलं आणि तोंडाने ‘हां, पोचलोच!’ सिग्नल सुटला तरी मान सुटत नाही. एका बाजूचे स्नायू आखडतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. एकाच फोनमध्ये दोन्ही कामं.

यथावकाश एका सकाळी मान धरते. बाजूला बघायचं तर अख्खं धड वळवावं लागतं आणि त्यामुळे चालण्यात आपोआप भारदस्तपणा येतो. आता उपचार.

पहिला उपचार उशीवर करतात. घरातली वडीलधारी बाई उशी उचलते आणि गच्चीत उन्हात नेऊन ठेवते. रुग्ण आत कण्हतोय, उशी बाहेर शेकतेय. याला हसू नये. अवघडलेली मान बहुधा काही दिवसांत आपली आपण सुटते. श्रेय कुणाला तरी द्यायचंच, तर उशी निदान फी मागत नाही. ‘उसण भरली’ असं निदान झालं, तर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची प्रथा आहे. मात्र बाळ पायाकडून येतंय असं दिसलं की हल्ली बहुधा सिझेरियन करतात, त्यामुळे अस्सल पायाळू मिळणं अवघड झालंय.

सलूनमध्ये कटिंगनंतर मान कडकन मोडून देतात, ती मात्र घेऊ नये. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याला दुखणं टिकवायचंय, पण दुखणेकरीही टिकला पाहिजे. तसंच हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, तापासोबत मान ताठणं, पडल्या-आपटल्यावर दुखू लागणं, यातलं काहीही झालं तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एरवी एक्स-रे जरूर काढावा. साठीनंतर बहुतेकांच्या मणक्यांची झीज त्यात दिसतेच, मान दुखत असो वा नसो. पण ‘मला स्पाँडिलायटिस आहे’ या वाक्याला जे वजन आहे, ते ‘मी वाकडा बसतो’ला नाही.

फिजिओथेरपिस्टपासून सावध राहावं. तळहात कपाळाला लावा, डोक्याने हात ढकला, हाताने डोकं अडवा, मान हलू देऊ नका, पाच आकडे मोजा. मग हेच मागून, मग दोन्ही बाजूंनी. जोडीला गरम पाण्याची पिशवी आणि ‘झोपून राहू नका, हिंडा-फिरा’ हा सल्ला. हे सगळं नेमाने केलं की बहुतेकांची मान बरी होते. त्यामुळे व्यायामाचा कागद फाईलमध्ये जपून ठेवावा आणि फाईल माळ्यावर.

त्याऐवजी पट्टा घ्यावा. तो फार दिवस वापरला तर स्नायू आळशी आणि दुबळे होतात, म्हणून डॉक्टर हल्ली सहसा देत नाहीत. आपण दुकानातून आणावा. लग्नकार्यात त्याच्यासारखा दागिना नाही. वाढायला कुणी बोलावत नाही, कूलरसमोरची खुर्ची मिळते, वाकून नमस्कार माफ होतात. बसल्याजागी आहेराची वही लिहायचं काम मात्र हमखास गळ्यात पडतं. ते नाकारू नये. वही मांडीवर घेऊन, पट्टा जरा सैल करून, खाली मान घालून दोन तास पाकिटांवरची नावं उतरवली, की पुढच्या आठवड्याच्या दुखण्याची सोय होते.