पाटील सापडत नाहीत

एका पतसंस्थेच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं जागच्या जागी वाचता यावीत, अशी सचिवसाहेबांची मागणी होती. "टिचकी मारली की कागद दिसला पाहिजे. दुपारपर्यंत होईल ना?" प्रोग्रामर पोरगा नवा होता, हो म्हणून बसला.

दुपारपर्यंत झालंही. पानात एक आयफ्रेम टाकली, तिला पीडीएफचा पत्ता दिला. साहेबांनी टिचकी मारली आणि कागद दिसण्याऐवजी डाउनलोड झाला. सर्व्हर फाइलसोबत 'अटॅचमेंट' असा हेडर पाठवत होता, म्हणजे ब्राउझरला हुकूमच, की इथे उघडू नकोस, उतरवून घे. तिथे 'इनलाइन' लिहिल्यावर संगणकावर कागद उमटला. साहेबांच्या फोनवर मात्र पांढरी चौकट, कारण त्या ब्राउझरला पानाच्या आत पीडीएफ दाखवता येत नव्हती.

मग पीडीएफ.जेएस आलं. मोझिलाच्या या फुकट, ओपन सोर्स प्रकल्पाची सुरुवात २०११ची; २०१३पासून फायरफॉक्स पीडीएफ दाखवतो तो याच्याच जोरावर. जावास्क्रिप्ट फाइल वाचते आणि पान कॅनव्हासवर रंगवते. आता फोनवरही इतिवृत्त झळकलं. पेढे तेवढे यायचे राहिले होते.

इतक्यात साहेबांनी शोधाच्या चौकटीत 'पाटील' टाइप केलं. समोर ठळक अक्षरांत पाटील तीनदा. व्ह्यूअर म्हणतो, सापडले नाहीत.

"सापडले नाहीत म्हणजे?" शेजारी बसलेले संचालक पाटील उखडले. "ठरावाला सूचक मीच होतो!"

पोराने ते नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवलं. पाटलांच्या जागी इंग्रजी अक्षरं पडली: आय, के, व्ही, एच, वाय. इतिवृत्त कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं. त्यात इंग्रजी 'आय'च्या जागी 'प'चा आकार बसवलेला, 'के'च्या जागी काना. डोळ्यांना मराठी दिसतं, फाइलच्या पोटात इंग्रजीच. अ‍ॅडोबीने १९९३मध्ये पीडीएफ आणली ती कागद सगळीकडे सारखा दिसावा म्हणून, आणि तो तसा दिसत होता. जुनी इतिवृत्तं तर स्कॅन केलेली. त्या चित्रांत शोधण्यासारखं अक्षरच नाही.

"दुसरा व्ह्यूअर टाक," साहेब म्हणाले. पोराने तोही टाकून दाखवला. पाटील त्यातही बेपत्ता.

व्ह्यूअर बदलून हे सुटत नाही. पुढचं इतिवृत्त तरी युनिकोडमध्ये टाइप करा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, म्हणजे पीडीएफच्याही दोन वर्षं आधीपासून.