व्हाया दहिवडी

लोणंदहून आटपाडीला जायला चार रस्ते आहेत आणि आमच्या घरात माणसं पाच. पाचवा माणूस गाडी चालवणारा असल्यामुळे त्याला मत नव्हतं. म्हणजे मला.

निमित्त साडूच्या बंगल्याच्या वास्तुशांतीचं. साडू गलाईवाला. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं पोटासाठी गाव सोडून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गेली आणि देशभर पसरली. कुठल्याही शहरातल्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात एक भट्टी असते आणि भट्टीपाशी सांगली जिल्ह्यातलं मराठी ऐकू येतं. आमचे साडूभाऊ जोधपूरला असतात. राहणार वाळवंटात आणि बंगला बांधणार दुष्काळात! बंगला दुमजली, दारात दोन सिमेंटचे हत्ती, आणि वर्षातले अकरा महिने कुलूप. पण वास्तुशांत म्हटल्यावर जायलाच हवं होतं.

पुण्याहून आमचा भाचा आला. हिंजवडीत नोकरीला आहे. ‘‘मामा, रूट सिनिक पाहिजे, पण एफिशियंट,’’ असं म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला.

लोणंदच्या पूर्वेला सिनिक असं काही आहे, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सातारा जिल्ह्यात बघण्यासारखं जे काही आहे ते पश्चिमेला आहे, असं आम्ही शाळेपासून धरून चाललो होतो. महाबळेश्वर तिकडं, कास तिकडं, कोयना तिकडं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्रीनं ढग आपल्याकडं ठेवून घेतले आणि आमच्याकडं नुसता वारा पाठवला. पाहुणे लोणंदला येतात ते कांद्याच्या बाजाराला किंवा माउलींच्या पालखीला. देखावा बघायला कुणी आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

भाच्यानं पडद्यावर चार रेघा ओढल्या. पहिली फलटण, मोगराळे घाट, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, दिघंची, आटपाडी. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. दुसरी फलटणवरून शिखर शिंगणापूर करून म्हसवडला उतरणारी. तिसरी साल्पे घाटानं वाठार स्टेशन, मग कोरेगाव, पुसेगाव आणि दहिवडी. चौथी सरळ साताऱ्याला जाऊन हायवेनं कराड आणि तिथून विटा.

क्षणात पक्ष पडले. भाच्याला तिसरा रस्ता हवा, कारण वाटेत वर्धनगड आणि महिमानगड. बायकोला दुसरा, कारण ‘‘शंभू महादेवाच्या पायथ्यावरनं जायचं आणि वर जायचं नाही, हे बरं दिसतं का?’’ मुलीला गाडी लागते, त्यामुळं तिला हायवे. गाडी न लागण्याशी वाटेतल्या आइस्क्रीमचा काय संबंध, हे तिनं सांगितलं नाही. आणि आत्या म्हणाली, ‘‘दहिवडीचा रस्ता सोडून कुठं जायचं नाही. तो आम्ही केलाय.’’

यात अतिशयोक्ती नव्हती. आत्याचं सासर माण तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात गावची गावं कामावर होती, तशी ही नवी सूनही होती. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची आणि घरी जाऊन मिलोच्या तांबड्या भाकरी थापायच्या. घाट चढून वर गेल्यावरचा एक तुकडा तिच्या हातचा आहे, असं ती सांगते. त्यावर नंतर किती वेळा डांबर पडलं असेल, रुंदीकरण झालं असेल, पण तिच्या लेखी खालची खडी अजून तिचीच आहे. तिच्यासमोर त्या रस्त्याला कुणी खराब म्हणायची सोय नाही. दुसऱ्याच्या सुनेला नावं ठेवावीत आणि ती पाठीमागं उभी असावी, तसं होतं.

सर्वांत मोठा घोळ एफिशियंटपाशी झाला. भाच्याच्या मते, कमी वेळात पोचणं म्हणजे एफिशियंट. आत्याच्या मते, एका तेलात जेवढी कामं होतील तेवढी करून घेणं. तिचं गणित जास्त पक्कं होतं, फक्त त्याला शेवट नव्हता. ‘‘फलटणला जाता जाता नणंदेकडं कांदं टाकू. गोंदवल्यात जाता जाता दर्शन घेऊ, तिथं दुपारच्या प्रसादाला थांबलो तर जेवणाचा खर्च वाचंल. म्हसवडात जाता जाता घोंगडं बघू. सिद्धनाथ वाटंवरच आहे. आणि जाता जाता...’’

‘‘आत्याआजी, होम साडेअकराला आहे,’’ भाचा म्हणाला.

‘‘मग येता येता करू.’’

भाच्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला होता. प्रत्येक मुक्कामाला दहा मिनिटं. आत्यानं चष्मा लावून तो तक्ता बघितला आणि विचारलं, ‘‘दहा मिनटात चहा तरी उकळतो का रं?’’

वास्तविक रस्त्याचं नियोजन लोणंदकरांना शिकवायला नको. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नान करून आमच्याकडं मुक्कामाला येते. पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, तरडगावचा मुक्काम आणि मग फलटण. लाखो माणसं, हजारो तंबू, पाण्याचे टँकर, आणि कोणती दिंडी रथापुढं कितवी चालणार हेसुद्धा ठरलेलं. सावली कुठं, पाणी कुठं, विसावा कुठं, यात कुणाला काही विचारावं लागत नाही. लोणंद ते फलटण हे अंतर पालखी दोन दिवसांत कापते. आत्याच्या यादीप्रमाणं आम्हालाही साधारण तेवढेच लागले असते.

शेवटी आत्याचा रस्ता मंजूर झाला. लोकशाही मार्गानं नव्हे. तिनं पिशवी भरून पुढच्या सीटवर ठेवली आणि पिशवीशेजारी स्वतः बसली.

पहाटे पाचला निघायचं ठरलेलं, म्हणून सातला निघालो. डिकीत गरव्या कांद्याची दोन जाळीदार पोती, आहेराची पातेली, बंगल्यासाठी घेतलेलं घड्याळ आणि भाच्याची कॅमेऱ्याची बॅग, अशी वर्गवारी होती. कॅमेरा कांद्याखाली गेला. त्यानं तो वर काढला, आत्यानं परत खाली ठेवला. ‘‘कांद्याला हवा लागती. त्याला काय लागती?’’

फलटणपर्यंतचा भाग बघण्यासारखा नाही, असं भाचा म्हणाला, आणि गाडीतल्या बाकीच्यांना धक्काच बसला. हा तर आमच्या मते सगळ्यात देखणा पट्टा! नीरा उजव्या कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच केळी. आत्या प्रत्येक पाटाकडं बोट दाखवून ‘‘पाणी बघ, पाणी’’ म्हणत होती. भाच्यानं एकदाही मान वर केली नाही. त्याच्या पुण्यात पाणी नळाला येतं.

मोगराळे घाट लागला, हिरवळ संपली आणि भाचा जागा झाला. घाट काही फार मोठा नाही, वळणंही बेताची. पण वर आल्यावर एकदम सगळं उघडं पडतं. पिवळ्या कुसळांचे डोंगर, मधूनच एखादी बाभळ, लांब कुठंतरी मेंढरांचा कळप आणि त्यावर तरंगणारी धूळ. ‘‘मामा, थांबा! थांबा! काय फ्रेम आहे!’’ तो उतरला, रस्त्याकडेला उताणा झोपला आणि खालून वर आभाळाचे फोटो काढू लागला.

तिथं कोपऱ्यावर एक मेंढका घोंगडं खांद्यावर टाकून उभा होता. त्यानं बराच वेळ हा प्रकार बघितला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, ‘‘पोरगं चक्कर येऊन पडलं का?’’

‘‘नाही. डोंगराचा फोटो काढतोय.’’

त्यानं डोंगराकडं बघितलं. पुन्हा भाच्याकडं बघितलं. ‘‘त्याच्यावर काय हाय?’’

मला उत्तर देता आलं नाही. आत्यानं दिलं. ‘‘काय न्हाई, म्हणूनच काढतोय.’’

पण आत्याही उतरली. तिनं भाच्याला हाताला धरून दुसऱ्या बाजूला नेलं आणि डोंगराच्या अंगावरच्या आडव्या रेघा दाखवल्या. समतल चर. इथल्या गावांनी उन्हाळ्यात कुदळ-फावडी घेऊन असे चर खणले. 2018 च्या वॉटर कपमध्ये माण तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली होती. ‘‘काढायचा तर ह्याचा काढ फोटो. पाऊस पडला की इथं थांबतंय पाणी.’’ भाच्यानं काढला. पण मन लावून नव्हे.

परत गाडीत बसल्यावर आत्या रस्त्याकडं टक लावून होती. एका ठिकाणी म्हणाली, ‘‘हा माझा.’’ दुर्दैवानं नेमका तिथंच खड्डा होता. गाडी उडाली, मागं पातेली खणखणली आणि घड्याळानं आठ टोले दिले. कुणीही काही बोललं नाही.

पुढं मोही गावाचा विषय निघाला. ललिता बाबर तिथली. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिला माणदेशी एक्सप्रेस म्हणतात. या शर्यतीत दर फेरीला पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळे आणि पळणं यांचा सराव माणमध्ये कुणालाही होतो, पण या तालुक्यातल्या पोरीला सरावासाठी पाण्यानं भरलेला खड्डा मिळाला कुठं, याचं मला अजून नवल वाटतं.

दहिवडीला चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, ‘‘कुठनं आलासा?’’

‘‘लोणंदवरनं. आटपाडीला चाललोय.’’

‘‘मग हिकडनं कशाला? पुसेगाववरनं यायचं. झकास रस्ता हाय.’’

भाच्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी बिस्किटाचा पुडा फोडला. आत्यानं कप खाली ठेवला आणि टपरीवाल्याला त्याचं गाव, आडनाव, आईचं माहेर असं एकामागून एक विचारत नेलं. अखेर तिच्या जावेच्या भावकीत त्याची चुलती निघाली. चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. एफिशियंट!

गोंदवल्यात प्रसादाला थांबलो नाही, लांबूनच हात जोडले. म्हसवडला सिद्धनाथापुढं गाडी ‘दोनच मिनिटं’ थांबली आणि मुलीनं तेवढ्यात आइस्क्रीम मिळवलं. हायवे नसतानाही. पुढं माणगंगा आडवी आली. माण तालुक्यातच कुळकजाईजवळ उगम पावणारी ही नदी तालुक्याला नाव देते. पाणी द्यायचं मात्र तिचं तिच्या मनावर असतं. भाच्यानं खाली बघून विचारलं, ‘‘नदी कुठंय?’’ आम्ही पुलाच्या मध्यावर होतो.

दिघंचीच्या अलीकडंच सांगली जिल्हा लागला. संस्थानांच्या काळात हा प्रवास म्हणजे परराष्ट्र दौराच असणार. फलटणला निंबाळकरांचं राज्य, मध्ये माणमध्ये इंग्रजांचा मुलूख आणि आटपाडीला औंधच्या पंतप्रतिनिधींचं. औंध राहिलं खटावच्या बाजूला आणि आटपाडी हा त्याचा तुटक, लांबचा तुकडा. राजे बाळासाहेब सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध होते. स्वतःच्याच राज्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना दुसऱ्याच्या हद्दीतून जावं लागत असेल, तर अंगात तेवढा दम हवाच. याच संस्थानानं 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, भिंती नसलेला तुरुंग. कैद्यांनी शेती करायची आणि मोकळं राहायचं. पुढं शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला तिथूनच प्रेरणा मिळाली. भिंती नसताना कैदी पळून का जात नसत, यामागं मोठं मानसशास्त्र सांगतात. माझा अंदाज साधा आहे. निघायचं कोणत्या रस्त्यानं यावर त्यांचं एकमत होत नसावं.

बंगल्यापुढं मांडव होता. सिमेंटच्या हत्तींना हार घातले होते. साडूभाऊ सोवळ्यात दारातच भेटले. ते स्वतः जोधपूरहून गाडी चालवत आले होते, हजारावर किलोमीटर. भाच्यानं त्यांना आदरानं विचारलं, ‘‘काका, तुम्ही रूट कसा प्लॅन केला?’’

‘‘प्लॅन कसला? टाकी फुल्ल केली, निघालो. आलो.’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘पाव्हणं, तुम्ही कुठनं आला?’’

‘‘दहिवडीवरनं.’’

‘‘अरारारा! विट्यावरनं यायचं की!’’

बस्स. मांडवात ठिणगी पडली. एक काका म्हणाले, विट्यावरनं कशाला, औंधावरनं यावं, यमाईचं दर्शन होतं आणि वस्तुसंग्रहालयही बघून होतं. दुसरे म्हणाले, शिंगणापूर सोडून दहिवडी म्हणजे वेडेपणाच. मालोजीराजांनी तिथं यात्रेकरूंसाठी एवढं तळं बांधलं ते काय उगाच? हे ऐकून बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि त्यानंतर बराच वेळ दुसरीकडं बघितलंच नाही. कुणीतरी मोबाइल काढला, त्यातल्या बाईनं पाचवाच रस्ता सांगितला आणि सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं. आत्या मध्यभागी खुर्ची ओढून बसली होती आणि आपल्या तुकड्याबद्दल कोण काय बोलतं याकडं तिचे कान होते.

आत गुरुजी होमाची तयारी करून थांबले होते. वाट बघून शेवटी तेच बाहेर डोकावले आणि वाद कशावर चाललाय ते कळल्यावर म्हणाले, ‘‘अहो, मी रोज फिरतो ह्या भागात. मला विचारा. या आत.’’

सगळे आत गेले. चौरंगावर तांदळाच्या पुंजक्यांवर नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडल्या होत्या. गुरुजींनी दर्भाची काडी उचलली. ‘‘आता बघा. हा सूर्य, मधोमध, म्हणजे दहिवडी. हा चंद्र फलटण. इकडं मंगळ, विटा धरा. आणि हा शनी म्हणजे आपलं म्हसवड...’’

‘‘ओ गुरुजी,’’ आत्या मागून गरजली, ‘‘शनी दुसऱ्या कुणाला करा. म्हसवड सिद्धनाथाचं गाव हाय.’’

गुरुजींनी मुकाट्यानं म्हसवड उचलून गुरूवर नेलं आणि शनीवर कुणाला बसवायचं यासाठी मांडवातून नावं मागवली.