मामांचा कॉमा

निवृत्त बँक अधिकाऱ्याने सिनेमा काढला की त्यातले हिशेब तेवढे जुळतात. माझ्या मामांनी कुडाळात बसून चाळीस मिनिटांचा लघुपट काढला. नायक लग्नकार्यातला आचारी, भाषा अस्सल मालवणी. तो एका महोत्सवाला पाठवायचं ठरलं, आणि घाटावरच्या परीक्षकांना मालवणी कितपत झेपेल या शंकेने मामांनी पडद्याखाली प्रमाण मराठीत सबटायटल द्यायचं ठरवलं. मराठी सिनेमाला मराठी सबटायटल! यावरून घरात बरंच रामायण झालं. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी बोलते तेव्हापण खाली काहीतरी येऊ दे, म्हणजे तुम्हाला कळेल," असं मामी म्हणाल्या. मामा हटले नाहीत. त्यांनी सगळे संवाद स्वतः टाइप केले, फाइल मला पाठवली आणि फोन केला. "महोत्सववाल्यांना दुसऱ्या प्रकारची फाइल हवी म्हणे. तुझं एका बटणाचं काम."

एका बटणाचंच काम असतं, हे मी मान्य करतो. मामांची फाइल एसआरटी, महोत्सवाच्या वेबसाइटला हवी व्हीटीटी. एफएफएमपेग नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम एका ओळीच्या हुकमावर हे काम करून देतो, आणि पायथनमध्ये लिहायचं म्हटलं तरी दहा-पंधरा ओळींत आटपतं. एसआरटीत आधी संवादाचा क्रमांक, खाली वेळ, खाली संवाद, मग एक रिकामी ओळ. व्हीटीटीतही तेच. फक्त सुरुवातीला 'वेबव्हीटीटी' असं आपलं नाव लिहावं लागतं आणि सेकंदांनंतर कॉमाऐवजी टिंब द्यावं लागतं.

हा कॉमा फ्रेंच आहे. डीव्हीडीवरची सबटायटलं मुळात चित्रं असतात. ती वाचून त्यांचा मजकूर करून देणारा सबरिप नावाचा एक प्रोग्रॅम होता, आणि तो फ्रान्समध्ये लिहिला गेला. फ्रेंच माणूस दशांशाच्या जागी टिंब देत नाही, कॉमा देतो. साहजिकच सबरिपच्या फाइलींतही कॉमा आला आणि तिथून जगभर पसरला. पुढे २०१०च्या सुमारास ब्राउझरवाल्यांनी याच घडणीवर आपला नवा प्रकार बेतला, तेव्हा त्यांनी तो काढून टिंब बसवलं. या दोन पक्षांच्या मध्ये कुडाळचा एक आचारी फ्रेंच पद्धतीने सेकंद मोजत उभा होता.

मी फाइल उघडली. पहिलाच संवाद असा:

१
००:००:०४,५०० --> ००:००:०७,२५०
अहो, ऐकलंत का, पाहुणे आले.

आकडे देवनागरी! मामांना फोन लावला. "सिनेमा मराठी, सबटायटल मराठी, मग आकड्यांनीच काय पाप केलंय?" एकोणचाळीस वर्षं बँकेत इंग्रजी आकडे लिहून साठलेला राग होता तो. त्याला मी काय उत्तर देणार? आणि गंमत म्हणजे पायथन मामांच्या बाजूचा निघाला. त्याला देवनागरीतले १२ दिले तरी तो निमूट बारा समजतो, कुरकुर नाही की खुलासा मागणं नाही. ब्राउझर मात्र इंग्रजी आकड्यांवर अडून बसतो. तोही भांडत नाही. जी वेळ वाचता आली नाही तिचा संवाद गुपचूप टाकून देतो. म्हणजे पडदा रिकामा आणि तक्रार शून्य. मामांनी ती फाइल सिनेमाला लावून एकदाही पाहिलेली नव्हती. बेरीज जुळली म्हणजे खातं बरोबर, या शिस्तीतला माणूस.

बरं, काही ठिकाणी तो मधला बाणही गायब होता आणि त्याच्या जागी डोक्यावर काडी घेतलेलं परदेशी अक्षर बसलं होतं. फाइलचा अर्धा भाग मामांनी वर्डमध्ये टाइप केला होता. वर्डला दोन रेघा आणि कंस दिसला की तो स्वतःहून त्याचा सुबक बाण करतो. तो बाण एका खास चिन्हांच्या फॉन्टमधला असतो. मजकूर उचलून साध्या फाइलीत टाकला की फॉन्ट मागे राहतो आणि बाणाचं होतं काडीवालं 'ए'. तेही फ्रेंचांचं. फ्रान्सने या लघुपटाला एक पैशाची मदत केलेली नाही, पण श्रेयनामावलीत त्यांचं नाव घालायला हरकत नव्हती.

माझं हे चाललेलं असताना मामांचा धीर सुटला आणि त्यांनी फाइल माझ्या मामेभावाला दिली. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आत्मविश्वासाच्या शिखरावर. त्याने नोटपॅडमध्ये 'रिप्लेस ऑल' मारलं : जिथे कॉमा दिसेल तिथे टिंब. दोन सेकंदांत काम फत्ते. फक्त कॉमा वेळेच्या ओळीत असतो तसा माणसांच्या बोलण्यातही असतो, एवढं राहून गेलं. "अहो, ऐकलंत का, पाहुणे आले" म्हणत लाजत दारात येणारी नवी सून आता "अहो. ऐकलंत का. पाहुणे आले." असं म्हणू लागली. तिचं लग्न कालचं न वाटता मामा-मामींइतकं जुनं वाटू लागलं. आचाऱ्याची बांधालगतची जमीन ९०,००० रुपयांना विकली जाते, हा सिनेमातला करुण प्रसंग. ती आता ९०.००० रुपयांना गेली. नव्वद रुपये, तीन दशांश स्थळांपर्यंत चोख. मामांमधला बँक अधिकारी संवादांपेक्षा त्या शून्यांनी जास्त कळवळला.

खरं तर उपाय सोपा आहे. ज्या ओळीत बाण आहे त्याच ओळीत हात घालायचा, बाकीच्यांना बोलू द्यायचं.

मग मामेभावाने फाइल 'स्वच्छ' करून देणाऱ्या कुठल्याशा फुकट वेबसाइटवरून फिरवून आणली. न दिसणारी फालतू अक्षरं काढून टाकते, असा तिचा दावा. इंग्रजीत ती असतीलही फालतू. पण आपल्याकडे काही जण अर्धा 'र' टाइप करताना मध्ये एक अदृश्य जोडअक्षर घालतात. ते असेल तर 'र'ची आडवी चंद्रकोर होते आणि काढलं तर 'य'च्या डोक्यावर रफार चढतो. मामा जुन्या पद्धतीने टाइप करणारे. स्वच्छता झाली आणि "त्या आचाऱ्याला बोलवा, रस्सा पातळ झालाय" याचं झालं "त्या आचार्याला बोलवा, रस्सा पातळ झालाय". सबंध लघुपटभर गावकरी एका आचार्यांना आमटीवरून बोल लावतायत, त्यांच्या हातून चुलीत लाकडं घालून घेतायत आणि शेवटी त्यांची मजुरीही बुडवतायत. सिनेमाची उंची वाढली, असं माझं प्रामाणिक मत. मामांना ते पटलं नाही.

ओळी तोडण्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्याने अजून डोकं दुखतं. पडद्यावरची एक ओळ साधारण ४२ अक्षरांची, असा इंग्रजी सबटायटलांचा रिवाज आहे. 'क्षत्रिय' हे तुमच्यामाझ्या मते तीन अक्षरी, पायथनच्या मते आठ. त्याला बेचाळीस मोजून कापायला सांगा, तो एखादी वेलांटी खालच्या ओळीत एकटी सोडून मोकळा.

एवढ्यात मामांच्या एडिटरने सुधारलेली फाइल पाठवली. ती तिसऱ्याच प्रकारची. त्यात वेळच नाही, महिरपी कंसात चौकटींचे क्रमांक. अमुक चौकटीला संवाद आला, तमुक चौकटीला गेला. सिनेमा सेकंदाला २५ चौकटींचा, हे चौकटींचे सेकंद करणाऱ्याला माहीत हवं. मामेभावाच्या लाडक्या वेबसाइटने स्वतःच्या मनाने २३.९७६ धरल्या. हा विचित्र आकडा अमेरिकेचा. तिथे १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संदेश आवाजाच्या संदेशात लुडबुड करू नये म्हणून तीस चौकटींचा वेग हजारात एकाने घटवला. पुढे सिनेमाच्या चोवीस चौकटीही त्याच मापाने कापल्या गेल्या. आपलं दूरदर्शन १९८२ला रंगीत झालं ते पंचवीसच्या हिशेबाने. अमेरिकेचा तो जुना तोडगा कुडाळात येऊन असा भोवला, की पहिल्या मिनिटाला संवाद अडीच सेकंद उशिरा आणि चाळिसाव्या मिनिटाला एक मिनिट बेचाळीस सेकंद उशिरा येऊ लागला. शेवटच्या प्रसंगात आचाऱ्याचा बाप जातो. बाप गेला, रडारड झाली, खाट बाहेर काढली, अंगण सारवलं, आणि मग रिकाम्या ओटीवर अक्षरं उमटली : "मला जरा पेज दे, बरं वाटतंय."

हे मात्र मामांना फार आवडलं. "राहू दे तसंच. महोत्सवात असलं चालतं." त्यांना समजावण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. गुणिले हजार एक, भागिले चोवीस हजार, या चुकीच्या हिशेबाची जागा साध्या भागिले पंचवीसने घेतली, व्हीटीटी तयार झाली आणि महोत्सवाकडे रवाना झाली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की आणखी एक प्रकार असतो, एएसएस नावाचा, जपानी कार्टूनपटांना हौसेने सबटायटल लावणाऱ्या मंडळींचा आवडता. त्यात रंग देता येतात, अक्षरं पडद्यावर हवी तिथे बसवता येतात. संवादाआधी प्रत्येक ओळीत नऊ कॉमा असतात. पहिले नऊ मोजायचे आणि दहाव्याला हात लावायचा नाही, कारण तो माणसाच्या तोंडचा. आणि गाण्याचा एकेक तुकडा म्हटला जाईल तसा रंगवताही येतो, फक्त प्रत्येक तुकड्याची लांबी सेकंदाच्या शंभराव्या भागात द्यावी लागते.

कुडाळच्या नाट्यगृहात खेळ लावायचं मामांनी आधीच ठरवलं होतं. आता त्यांना सिनेमातली मंगलाष्टकं प्रेक्षकांकडून म्हणून घ्यायची आहेत, अक्षरागणिक पिवळी होत जाणारी. भटजी सुरेल आहेत, पण 'सावधान'वर आले की त्यांना श्वासाचं बंधन राहत नाही. रात्री पावणेबाराला फोन वाजला. पलीकडे स्टॉपवॉचची टिकटिक आणि मामींचं पुटपुटणं.

"काय रे मेल्या, झोपलास? 'धा'ला तीनशे वीस लिहू की तीनशे पंचवीस?"