पुण्याहून मुंबईला विमानाने कसे जावे

पुणे ते मुंबई हे अंतर आकाशातून सुमारे १२० किलोमीटर, रेल्वेने १९२. शहाण्या माणसाने विमानच धरावे, सरळ ७२ किलोमीटर वाचतात. वाचलेले किलोमीटर कुठे साठवायचे, ते ज्याचे त्याने बघावे.

समजा, तुम्ही कोथरूडला राहता आणि दादरला भाचीचा साखरपुडा आहे. मुंबई पश्चिमेला, म्हणून आधी पूर्वेकडे निघावे. विमानतळ लोहगावला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुंबईचा रस्ता चांदणी चौकात अगदी दाराशी आलेला असतो. त्याच्याकडे पाठ फिरवताना मन घट्ट करावे. विमान नऊचे असेल तर सहालाच घर सोडावे. जिन्यात शेजारचे काका भेटतील. तेही साखरपुड्यालाच, पण सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायला निघालेले असतात. 'आम्ही विमानाने' हे त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगावे. तिकिटाचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

सामानाचे शास्त्र नीट समजून घ्यावे. हातात साधारण सात किलो, विमानाच्या पोटात पंधरा. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालत नाही. ओटीसाठी घेतलेली सुक्या खोबऱ्याची वाटी तर नकोच. त्यात तेल असते, ते पेट घेते म्हणून विमानाला वर्ज्य. ती काकांकडे द्यावी. त्यांच्या गाडीला खोबऱ्याचे वावडे नाही.

आता थांबावे. प्रवासाचा हा मुख्य भाग. सामान देऊन थांबावे, तपासणीला पट्टा काढून थांबावे, पट्टा घालून पुन्हा थांबावे. घरी महिनाभर चहा होईल तेवढ्या पैशांत इथे एक कागदी पेलाभर चहा मिळतो, तो पुरवून प्यावा.

उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचे. विमान पुरते वर चढते न चढते तोच उतरण्याची घोषणा होते. मधे बोरघाट लागतो. तो फोडून १८६३मध्ये रेल्वे न्यायला सात वर्षे लागली होती. तुम्ही पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडेपर्यंत तो मागे पडतो. कर्जतचा वडा अर्थातच नाही.

मुंबई दिसली म्हणून चपला शोधू नयेत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालते. आपला नंबर येईपर्यंत वैमानिक आकाशात घिरट्या घालतो. वाचवलेले ७२ किलोमीटर इथे खर्ची पडतात, म्हणजे ते साठवण्याचा प्रश्नही सुटतो.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहावे. सगळ्यांच्या बॅगा येतात, मग आपली येते. पुढे टॅक्सी आणि हमरस्त्यावरची गर्दी धरून अकरा-सव्वाअकराला दादर गाठावे. काका दहाच्या सुमारास स्टेशनात उतरून, चालत येऊन, आंघोळही आटोपून बसलेले असतील. खोबऱ्याची वाटी ओटीत पडलेली असेल.

"कशाने आलात?" असे व्याही विचारतील. 'विमानाने' हे उत्तर हळू आवाजात द्यावे. मेहुणी चिक्की मागेल, तेव्हा विमान लोणावळ्याला थांबत नाही ही सबब सांगू नये. चिक्की आदल्या दिवशीच लक्ष्मी रोडवरून घेऊन ठेवावी.

परतताना काकांबरोबर डेक्कन क्वीनच्या खिडकीत बसावे. कटलेट त्यांना मागवू द्यावे.