माळ्यावरचे भाडेकरू

आमच्या नगरपरिषदेची चतुर्थ वार्षिक कर आकारणी नावाप्रमाणे दर चार वर्षांनी व्हावयाची असते आणि प्रत्यक्षात कचेरीच्या सवडीप्रमाणे होते. ती गेल्या खेपेस, प्रशासकांच्या अमदानीत, एकदाची उरकली, तेव्हा ‘तमाम मालमत्ताधारकांस’ उद्देशून काढलेली जाहीर सूचना कचेरीच्या फलकावर लावण्यात आली. या फलकाला काच आहे, काचेला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली ज्या शिपायाकडे असते तो बहुधा साहेबांबरोबर जिल्ह्याच्या गावी गेलेला असतो. त्यामुळे भटक्या कुत्र्यांविषयीची एक आणि जुन्या भंगाराच्या लिलावाविषयीची एक, अशा दोन कालबाह्य सूचनांच्या आडून या तिसरीचा जेवढा भाग दिसत होता तेवढाच मान वाकडी करून मला वाचता आला. कर आणि शुल्क यांच्या प्रस्तावित दरांबद्दल कोणाच्या हरकती व सूचना असल्यास त्यांनी त्या ३० दिवसांच्या आत लेखी द्याव्यात, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही, असा तो मजकूर होता. मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार केला जाईल, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. आमच्या कचेरीला खोटे लिहिण्याची सवय नाही.

‘हरकत’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ हालचाल असा आहे. आपल्या दप्तरात शिरल्यावर मात्र त्याला अडथळ्याचे रूप आले, आणि हल्ली गवयाच्या गळ्याखेरीज तो फारसा कोठे हलताना दिसत नाही. ‘सूचना’ या शब्दाचे वैभव याहून मोठे आहे. कचेरीने नागरिकाला दिली की ती आज्ञा होते, नागरिकाने कचेरीला दिली की ती टपाल होते, आणि दोहोंनाही आपली भाषा एकाच नावाने हाक मारते, यातला समभाव खरोखरच वाखाणण्याजोगा आहे.

माझी स्वतःची हरकत भाडेकरूविषयी होती. हे प्रकरण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. घरपट्टी ही घराच्या किमतीवर बसते असा भोळसट समज मी अनेक वर्षे बाळगून होतो; पण आमच्यासारख्या नगरपरिषदेत ती बसते वार्षिक करयोग्य मूल्यावर, आणि हे मूल्य काढावयाचे म्हणजे सदर मालमत्ता भाड्याने दिल्यास वर्षाकाठी वाजवीपणे किती भाडे मिळू शकेल याची कल्पना करावयाची, त्यातून डागडुजीसाठी १० टक्के वजा करावयाचे, आणि जे उरेल त्यावर कर आकारावयाचा. म्हणजे ज्या घरात आजोबांपासून आमच्याखेरीज कोणी राहिले नाही, त्या घरात कायद्याच्या दृष्टीने एक अदृश्य भाडेकरू वास करून असतो; तो भाडे मला देत नाही, पण त्याच्या भाड्यावरचा कर मात्र मला भरावा लागतो. या आकारणीत त्याने माझ्या माळ्यावर बस्तान बसविले होते. मोजणीस आलेल्या मुलाने खालून वर पाहून ‘वरती काय आहे?’ असे विचारले आणि मी ‘माळा’ असे सत्य उत्तर दिले, एवढाच माझा अपराध. यादीत त्याची नोंद ‘पहिला मजला, निवासी’ अशी झाली, आणि माझी पट्टी १,८४० रुपयांवरून ४,३१० रुपयांवर जाऊन बसली.

कचेरीची अडचण मला समजत नाही असे नव्हे. १९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली. गावाच्या वेशीवरील नाक्याच्या खोलीत आता पंक्चरवाला बसतो, आणि जकातीच्या जागी सरकारी अनुदानाची वाट पाहणे हा उत्पन्नाचा प्रमुख विभाग झाला आहे. त्यातच पंधराव्या वित्त आयोगाने मालमत्ता कराचे किमान दर ठरविले जावेत आणि वसुली दरसाल वाढत राहावी, अशी अट अनुदानाला जोडल्यामुळे दिल्लीपासून निघालेला एक धक्का मुंबईमार्गे माझ्या माळ्यापर्यंत पोहोचला. हे सारे मान्य. परंतु बिलावर वृक्ष करही असतो, जो १९७५च्या झाडांच्या कायद्यापासून आम्ही निमूटपणे भरीत आलो आहोत, आणि ज्या वर्षी गटाराच्या कामासाठी आमच्या दारचा कडुनिंब तोडण्यात आला त्या वर्षीही तो एका पैशाने कमी झाला नाही.

सुनावणीचा दिवस उजाडला. नगरपरिषदेच्या सभागृहात माजी नगराध्यक्षांच्या तसबिरींखाली एक लांब टेबल मांडलेले होते. नगररचना खात्याकडून आलेले मूल्यनिर्धारण अधिकारी मध्यभागी, डाव्या हाताला कर विभागाचा कारकून, आणि त्याच्यापुढे आडव्या रेघांची, लाल पाठीची एक नोंदवही. माझ्या पुढे आमच्या आळीतल्या काकू होत्या. त्यांनी १९८१ पासूनच्या पावत्या सुतळीने बांधून आणल्या होत्या, आणि त्या गाठी सोडण्यातच त्यांच्या वाट्याचा बहुतेक वेळ संपला.

‘बोला आजी, काय म्हणणं आहे?’ अधिकारी म्हणाले.

‘साहेब, मागचं गटार दोन वर्षं तुंबलंय. पाणी न्हाणीत शिरतं.’

‘गटाराचं इथे नाही. इथे फक्त पट्टीचं.’

‘अहो, पण पट्टी गटाराचीच घेता ना?’

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. कारकुनाने मान वर न करता वहीत लिहिले, ‘हरकतदार समक्ष हजर. म्हणणे ऐकले.’ आणि वही काकूंकडे फिरवून सहीच्या जागेवर बोट ठेवले. काकूंनी एकेक अक्षर कोरीत सही केली, पावत्यांना पुन्हा सुतळी बांधली आणि जाताना ‘येते हं’ असे त्या दोघांनाही सांगून गेल्या. मी पान उलटून पाहिले. सगळ्या ओळींचा मजकूर एकच होता: म्हणणे ऐकले, म्हणणे ऐकले, म्हणणे ऐकले. काय म्हणणे, याचा रकाना त्या वहीत आखलेलाच नव्हता. माझी पाळी आल्यावर मी माळ्याची उंची साडेचार फूट असून तेथे उभे राहता येईल असा भाडेकरू मनुष्ययोनीत मिळणे कठीण आहे, हे नम्रपणे निवेदन केले. त्याचीही त्याच शब्दांत नोंद झाली.

पुढचा भाग त्वरेने घडला, कारण विरोध करणारे कोणी उरलेले नव्हते. एके काळी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेने खर्च करावा की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा विरोध करणारे एकटे सभासद जोतीराव फुले होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनेच त्यांना नेमले होते, आणि तरीही सभागृहात एक ‘नाही’ उमटले. आमच्याकडे मात्र निवडणुका काही वर्षे रखडलेल्या, नगरसेवकांची मुदत संपलेली, आणि मुख्याधिकारी हेच प्रशासक, अशी सुटसुटीत व्यवस्था होती. दराचा प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांनी प्रशासकांपुढे ठेवला, प्रशासकांनी मुख्याधिकाऱ्यांच्या टिप्पणीचे साकल्याने अवलोकन केले, आणि ठराव एकमताने संमत झाला. पाणीपट्टी १,२०० रुपयांवरून २,४०० करण्याचे योजिले होते. ‘प्राप्त हरकती विचारात घेऊन, जनभावनेचा आदर करीत’ ती १,८०० करण्यात आली. बांगड्यांचा भाव ऐंशी सांगून साठाला देणाऱ्या कासारणीपुढे उभे राहिल्यावर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जो विजयाचा आनंद पसरतो, तो त्या आठवड्यात मी गावातल्या पुष्कळ चेहऱ्यांवर पाहिला. काकूंच्याही.

डिसेंबर २०२५मध्ये अखेर निवडणुका झाल्या. प्रचाराला आलेल्या प्रत्येक उमेदवाराने पट्टीचा विषय काढताच हात जोडले, आणि ते हात प्रत्येक वेळी इतक्या भक्तिभावाने जोडलेले होते की पुढे काही विचारणे असभ्य ठरले असते.

माझ्या हरकतीवरचा निर्णय मला टपालाने आला. ‘आपल्या हरकतीच्या अनुषंगाने जागेची फेरतपासणी केली असता, सदर माळ्यास स्वतंत्र जिना व एक खिडकी असल्याचे निदर्शनास आले आहे,’ असे सांगून त्यांनी माझी पट्टी ४,३१० ऐवजी ४,६८० रुपये कायम केली होती, आणि थकल्यास दरमहा २ टक्के शास्ती लागेल याची आठवण दिली होती. खिडकी म्हणजे मांजरासाठी ठेवलेला झरोका. अपिलाची सोय आहे, पण त्यासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते, असे कारकुनाने मला जिन्यात थांबवून, आवाज खाली आणून सांगितले. तो मनाने चांगला माणूस आहे.

तेव्हा परवा संध्याकाळी मी बिल घेऊन वर गेलो. निदान निम्मी रक्कम तरी त्यांच्याकडून मागावी, असा विचार होता. तांब्याचा बंब, दोन मोडक्या खुर्च्या, आजोबांची पंचांगे आणि गौरीचे मुखवटे ठेवावयाची पेटी, सगळे जागच्या जागी होते. मी थोडा वेळ वाकून उभा राहिलो, एकदा खाकरलो. भाडेकरू बाहेर गेलेले असावेत.