सरासरी बाईचा ओटा

१९५० साली अमेरिकी हवाई दलाच्या गिल्बर्ट डॅनियल्सनं ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा गडी एकही निघेना! पुढं विमानात मागेपुढे सरकणारी आसनं आली.

आपल्याकडेही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलंय. बिल्डरला त्याची गरज नाही. त्याची 'सरासरी बाई' त्याच्या डोक्यातच असते आणि तिच्याच मापानं तो स्वयंपाकाचा ओटा बांधतो. त्याच ओट्यावर पाच फुटी सासू खांदे उचलून कणीक तिंबते, पावणेसहा फुटी सून वाकून भाकरी थापते. गवंड्याला विचारा, "हीच उंची का?" "सगळीकडं हीच असते, ताई."

मंडळी, कडाप्पा बसवण्याआधी रांधणाऱ्याचं कोपर मोजा. ओटा त्याच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवा.