हेड उतरवणारे

व्हिडिओ बघून मारुती ८०० चं हेड पार्किंगमध्येच उतरवणारा एक तरी वीर प्रत्येक सोसायटीत असतो. ७९६ सीसी, सिलिंडर तीनच. त्यात काय एवढं! इंजिन गार होऊ द्यावं, बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करावेत, नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. पण रविवारचं मटण दीड वाजता तयार. मग गरम इंजिनावरच पान्याला पाइप अडकवून जोर. गॅस्केट सुटेना? घाला फटीत स्क्रूड्रायव्हर! (बघ्यांतले एक निवृत्त साहेब विचारतात, ‘‘टायमिंगच्या खुणा जुळवल्यात ना?’’ अशांना कुणी चहाला बोलवत नाही.) संध्याकाळी चरे पडलेलं हेड रिक्षातून फेसिंगला निघतं आणि वीर वॉचमनला सांगतो, ‘‘ते तर करायचंच होतं.’’